देवापुढचं सोनं : एका फिरत्या प्रदर्शनाची नोंदवही

६ जानेवारी

काम आजपासून सुरू. विषय, जगभरच्या उपासनेतलं सोनं. शाळा आणि ग्रंथालयांतून फिरेल असं बारा फलकांचं प्रदर्शन करायचं आहे. सोबत सोन्याचा वर्ख लावलेला एक लाकडी नमुना-फलक असेल, ४० × ३० सेंमीचा, लोकांना अगदी जवळून बघता येईल असा. मजकूर माझ्याकडे, मांडणी मैत्रिणीकडे. वर्ख लावणं आम्हा दोघींनाही नवीन. ज्यांचा सगळा जन्म मूर्ती आणि चौकटी मढवण्यात गेला असे एक काका शिकवायला तयार झालेत.

वर्खाच्या दोन वह्या आल्या. एका वहीत २५ पानं, पान ८ × ८ सेंमी. उत्सुकता म्हणून हिशेब मांडला. पानाची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन (मिलिमीटरचा दहा-हजारावा भाग), सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. दोन्ही वह्यांतलं सोनं मिळून जेमतेम ०.६ ग्रॅम निघालं. विश्वास बसेना म्हणून तीनदा ताळा केला. एवढ्याशा धातूने एक छोटं टेबल झाकता येईल.

पहिला आराखडा धर्मवार केलाय. हिंदू, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, शीख, मग इजिप्त, ग्रीस, अँडीज. फलक मोजायला सोयीचा आहे.

९ जानेवारी

सोनंच का, हा पहिला फलक. उत्तर सोपं वाटतं, महाग असतं म्हणून. पण हे उलटं आहे. सोनं बाजारात महाग होण्याच्या पुष्कळ आधी लोकांनी त्याच्यात काहीतरी पाहिलं होतं. ते गंजत नाही. लोखंडाला तांब चढतो, तांबं हिरवं पडतं, चांदी काळवंडते. सोनं हजारो वर्षं मातीत राहून बाहेर आलं तरी तसंच. ज्या जगात माणूस, झाड, लाकूड, घर सगळं सडतं, तिथे न सडणारी एक वस्तू हातात आली तर ती इथली नाही असंच वाटणार.

शतपथ ब्राह्मणात दोन शब्दांत म्हटलंय : अमृतं हिरण्यम्. सोनं म्हणजे न मरणं. प्राचीन इजिप्तमध्ये देवांचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची, केस लाजवर्दाचे मानले जात. दोन्हीकडची माणसं एकमेकांना न विचारता जवळपास एकाच ठिकाणी पोचली, कारण धातू दोघांसमोर एकसारखाच वागत होता. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांनी सोन्याला सूर्याचा घाम म्हटलं, तेही फार लांबचं नाही.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते, फलकात बसेल की नाही माहीत नाही. सोनं पृथ्वीवर तयार झालेलंच नाही. असे जड अणू न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा घडतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी उपकरणांनी टिपल्या आणि तिच्या उजेडात जड मूलद्रव्यांच्या खुणा सापडल्या. ‘इथलं नाही’ हे जुन्या लोकांचं वाटणं अक्षरशः खरं निघालं.

संध्याकाळी काकांनी एक पान चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरलं. पानातून आरपार उजेड येतो, आणि तो हिरवा-निळसर असतो. सोन्यातून हिरवा प्रकाश! मी बराच वेळ ते पान खाली ठेवू दिलं नाही.

१४ जानेवारी

वजनाचा मजकूर सगळ्यांत आधी लिहून झाला, कारण वजनाच्या नोंदी लोक नीट ठेवतात.

तंजावूरचं बृहदीश्वर मंदिर, १०१०. राजराज चोळाने देवाला काय काय दिलं ते भिंतींच्या दगडातच कोरलेलं आहे; दागिना, त्याचं सोनं, त्याचं वजन. मापाच्या दगडालाही नाव होतं, ‘आडवल्लान’, म्हणजे नाचण्यात निपुण असलेला, नटराज. सोनं देवाला द्यायचं आणि मोजायचं तेही देवाच्या नावाच्या वजनाने! या नोंदींत अहंकार असेलही, पण मला त्यात हिशेबाची धास्ती जास्त दिसते. देवाचं एक गुंजभरही इकडे-तिकडे होऊ नये, म्हणून कागदाऐवजी दगड.

अथेन्स. शिल्पकार फिडियसने घडवलेली अथेना देवी इ.स.पू. ४३८ मध्ये पार्थेनॉन मंदिरात बसली. अंग हस्तिदंताचं, वस्त्रं सोन्याची, आणि ते सोनं काढून घेता येईल अशा बेताने बसवलेलं. स्पार्टाशी युद्ध तोंडावर आलं तेव्हा अथेन्सचा नेता पेरिक्लीस नागरिकांना तिजोरीचा अंदाज देतो, त्यात हे ४० टॅलंट (वजनाचं जुनं माप) सोनंही धरतो, म्हणजे एक टनाहून जास्त. अट एकच, वापरलंत तर नंतर तेवढंच परत करा. देवीच्या अंगावरचं वस्त्र आणि शहराची गंगाजळी एकच. मला हे वाचून पहिल्यांदा धक्का बसला, मग वाटलं, निदान त्यांनी हे लपवलं तरी नाही.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाची सर्वांत आतली शवपेटी ११०.४ किलो सोन्याची. तेवढ्या सोन्याचा आमच्याकडच्यासारखा वर्ख ठोकला तर सुमारे ५७,००० चौरस मीटर जागा झाकली जाईल.

शेवटी तुलापुरुष. सोळा महादानांतलं पहिलं; राजा तराजूच्या एका पारड्यात बसतो, दुसऱ्यात सोनं. आणि त्याच्याच शेजारी रुक्मिणीची कथा लावायची ठरवली. सत्यभामेचे सगळे दागिने पारड्यात पडले तरी कृष्ण उचलला जात नाही, आणि रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने पारडं खाली जातं. मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर सगळ्यांना माहीत असते.” माहीत असते, पण तुलादानाच्या शेजारी ठेवून कोणी वाचलेली नसते. तराजू तोच आहे.

१५ जानेवारी

नमुना-फलकाला सरसाचा पहिला हात. वाळायला उद्या दुपार.

२१ जानेवारी

पांढऱ्या लेपाचे (खडूची भुकटी आणि सरस) आठ हात देऊन झाले. आता घासून काचेसारखं गुळगुळीत करायचं. काका म्हणतात, सोन्याला स्वतःचं अंग नसतं, खाली जे असेल ते दाखवतं. एक ओरखडा राहिला तरी वर्खाखालून तो ओरडून सांगेल.

उजेडाचा फलक लिहायला घेतला. इटलीतल्या रावेन्नाचं सान व्हिताले चर्च, ५४७ साली अर्पण झालेलं. कॉन्स्टँटिनोपलची हागिया सोफिया, ५३७. या दोन्ही चर्चमधल्या सोनेरी भिंती म्हणजे काचेचे बारीक चौकोन. काचेवर सोन्याचा वर्ख आणि त्याच्यावर पुन्हा काचेची पातळ साय. हे चौकोन भिंतीत एका पातळीत बसवलेले नसतात, जरा कमी-जास्त कललेले असतात. त्यामुळे तेलाचा दिवा हलला किंवा बघणारा चालला, की एक तुकडा विझतो आणि दुसरा पेटतो. भिंत श्वास घेते. छायाचित्रात यातलं काहीच येत नाही. छायाचित्रात तो पिवळा रंग असतो.

रशियन मूर्तिचित्रकार चित्रामागच्या सोन्याला पार्श्वभूमी म्हणत नाहीत, ‘स्वेत’ म्हणतात, उजेड. चित्रातल्या संतांची सावली कुठे पडत नाही, कारण उजेड एका बाजूने येत नाही, ते उजेडातच उभे असतात. मला इथे विषय उलगडल्यासारखं वाटलं. सोनं बघायचं, की सोन्याच्या उजेडात काही बघायचं? वजनाच्या फलकावर पहिलं, इथे दुसरं.

अमृतसरचं हरमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, याच फलकावर. महाराजा रणजितसिंहांच्या काळात तांब्याच्या पत्र्यांवर सोनं चढवून बसवलं गेलं. पण तिथे सोन्याइतकंच काम सरोवर करतं, रात्री अर्धं मंदिर पाण्यात असतं. जेरुसलेममधलं मुसलमानांचं पवित्र स्थान, डोम ऑफ द रॉक, तेही इथेच, बांधकाम ६९१-९२ चं. आजच्या घुमटावरचा मुलामा १९९३ मधला, सुमारे ८० किलो सोन्याचा. ज्या धर्मात पुरुषाला सोनं अंगावर घालणं आणि कोणालाही सोन्या-चांदीच्या भांड्यातून पिणं निषिद्ध आहे, त्याच धर्मात सोन्याचा घुमट, काबाचं सोन्याचं दार आणि किस्वाच्या (काबावर घालायच्या आवरणाच्या) काळ्या रेशमावर सोनेरी जरीने भरलेली वचनं. मला यात विसंगती दिसत नाही. अंगावरचं आणि ताटातलं सोनं ‘मी’ सांगतं. वचनातलं सोनं वाचायचं असतं.

धर्मवार आराखडा डगमगू लागलाय. वजन आणि उजेड या दोन गोष्टी प्रत्येक धर्मात आहेत.

२७ जानेवारी

विरोधाचा फलक. हा मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून जपून लिहितेय.

बायबलमधल्या निर्गम या ग्रंथात २५ व्या अध्यायात इस्राएली लोकांना कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवायची पेटी) कसा करायचा ते सांगितलंय, बाभळीच्या जातीच्या लाकडाचा, शुद्ध सोन्याने मढवलेला. दीपवृक्ष एका टॅलंट सोन्याचा, ठोकून घडवलेला. ३२ व्या अध्यायात तेच लोक कानातली सोन्याची कुंडलं काढून देतात आणि त्यांचं वासरू होतं. त्यांचा पुढारी मोशे ते जाळतो, कुटून पूड करतो, पाण्यावर टाकतो आणि लोकांना प्यायला लावतो. आणि ३५ व्या अध्यायात तीच माणसं पुन्हा कुंडलं, अंगठ्या, कडी घेऊन येतात, या वेळी निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या तंबूसाठी. इतकं आणतात की पुढच्या अध्यायात मोशेला ‘आता पुरे’ अशी दवंडी पिटवावी लागते. धातू तोच, कानही तेच. वासरू आणि कोश यांच्यात फरक कशाचा, हे तो ग्रंथ धातूवर ढकलत नाही. मी आजवर वासराची गोष्ट वेगळी आणि कोशाची वेगळी वाचत आले होते. सलग वाचल्यावर त्यांचं खरं नातं कळलं.

मिलानचा बिशप अँब्रोस. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत रोमन फौज गारद झाली, हजारो माणसं कैदेत गेली. त्याने चर्चची पूजापात्रं वितळवून कैदी सोडवले. टीका झाली तेव्हा त्याचं उत्तर असं होतं, की चर्चकडे सोनं आहे ते साठवायला नाही, गरजवंतांसाठी खर्चायला आहे. धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टमही त्याच पिढीतला. ख्रिस्ताच्या मेजावर सोन्याचे पेले आणि तो स्वतः भिकाऱ्याच्या रूपात दाराशी उपाशी, याचा काय उपयोग, असं तो प्रवचनात विचारतो.

१२ व्या शतकात फ्रान्समध्ये हा वाद समोरासमोर आला. क्लेअरव्होचा बर्नार्ड मठांतल्या सोन्यावर तुटून पडला. सँ-दनीचा मठाधिपती सुजे याने मात्र मुलामा दिलेली ब्राँझची दारं बसवली आणि त्यांच्यावर ओळी कोरवल्या, की सोन्याचं आणि खर्चाचं नव्हे, कारागिरीचं नवल करा. मला बर्नार्ड पटतो. सुजेचं दार मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि त्याच १२ व्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) बसवेश्वर. ज्यांच्याकडे आहे ते शिवालय बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय खांब, देह देऊळ, शिर हाच सोन्याचा कळस. पुढे म्हणतात, स्थावर पडेल, जंगम पडत नाही. इथे सोनं नाकारलेलं नाही, त्याची जागा फक्त बदलली आहे.

मैत्रीण म्हणाली, हा फलक शेवटी लावू. मी नको म्हणाले. शेवटी लावला तर तो निकाल वाटेल.

२ फेब्रुवारी

म्यानमारमधल्या मंडालेची महामुनी बुद्धमूर्ती. भाविक वर्खाचं एकेक पान मूर्तीला चिकटवतात. वर्षानुवर्षांच्या पानांचा थर आता सुमारे १५ सेंमी जाड झालाय, अंगाला गाठी-उंचवटे आलेत. चेहरा रोज पहाटे धुतला जातो, तो तेवढा गुळगुळीत आणि झळझळीत. इनले सरोवरातल्या फाउंग डो ऊ पॅगोडात पाच मूर्ती आहेत, त्यांच्यावर इतका वर्ख चढलाय की आत मूर्ती आहे हे ओळखू येत नाही, सोन्याचे गोळे दिसतात. भक्तीने रूपच पुसून टाकलं. ०.१ मायक्रॉन गुणिले किती हात, याचा हिशेब मी करायला बसले आणि सोडून दिला. तो आकडा करण्यासारखा नाही.

महामुनीला हात लावून वर्ख चढवायची मुभा फक्त पुरुषांना आहे. बायका समोर बसून प्रार्थना करतात. हे मला लागलं. हातात वर्खाचं पान धरून पंधरा दिवस झालेत, त्यामुळे जास्तच लागलं. फलकावर ही गोष्ट स्पष्ट लिहिणार आहे, तळटीपेत नाही.

थाई भाषेत एक म्हण आहे, ‘पित थोंग लांग फ्रा’, बुद्धमूर्तीच्या पाठीला वर्ख लावणे. कोणाला दिसणार नाही असं चांगलं काम करणे, असा अर्थ. पुढून सगळेच लावतात. पाठ कोणीतरी मढवल्याशिवाय मूर्ती पुरी होत नाही.

झोपताना हीच म्हण डोक्यात होती.

३ फेब्रुवारी

सकाळी उठून जुन्या नोंदी चाळल्या आणि मांडणी पुरती मोडली. महिनाभर समोर असलेली एक गोष्ट मी पाहिलीच नव्हती. उपासनेतलं कितीतरी सोनं कोणी बघावं म्हणून नसतंच.

कराराचा कोश बाहेरून सोन्याने मढवायचा, आणि ‘आतूनही’. त्या आज्ञेत हा शब्द स्वच्छ आहे. आत दगडी पाट्या. कोश परमपवित्र स्थानात, पडद्याआड. आतलं सोनं कोण बघणार होतं?

अग्निचयन, वेदी रचायचा वैदिक विधी. श्येनाच्या (ससाण्याच्या) आकाराची वेदी, विटांचे पाच थर. पहिला थर रचायच्या आधी तळाशी कमळाचं पान ठेवतात, त्यावर ‘रुक्म’, एकवीस गाठींची सोन्याची गोल तबकडी, त्यावर सोन्याचा छोटा पुरुष, उताणा. आणि मग त्यांच्यावर विटा. सगळ्या वेदीत सोनं आहे ते तळाशी, गाडलेलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला हिरण्यगर्भ आठवला. सोन्याचा गर्भ, जो सगळ्याच्या आधी होता. गर्भ दिसायचा नसतोच. तो सोन्याचा पुरुष विटांखाली का, हे मला आज नीट कळलं.

कॅथलिक ख्रिस्ती उपासनेतला, मिस्साचा, पेला. नियम असा, की तो गंजणाऱ्या किंवा सोन्याहून कमी मोलाच्या धातूचा असेल तर आतून मुलामा द्यावा. बाहेरून कसाही असो. द्राक्षारस जिथे टेकतो तिथे सोनं.

तुतनखामेनची ११० किलोची पेटी दोन पेट्यांच्या आत, त्या दगडी शवकुंडात, ते चार मखरांच्या आत, आणि दारं लिंपून बंद. उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर १९२२ मध्ये थडग्याची पायरी सापडली नसती तर ते सोनं आजही अंधारातच असतं. तिथे असणं हेच त्याचं काम होतं. दिसणं कधीच नव्हतं.

आणि मुईस्का. आजच्या कोलंबियातले हे लोक सोनं-तांब्याच्या मिश्र धातूच्या छोट्या मूर्ती ओतत, त्यांना तुंखो म्हणतात. त्या सरोवरांत टाकायच्या किंवा जमिनीत पुरायच्या. बऱ्याच तुंखोंवर ओतकामाच्या खुणा तशाच आहेत, धातूची जादा बोटं कापलेली नाहीत, ओप दिलेला नाही. आधी मला हा निष्काळजीपणा वाटला होता, तसं लेबलही लिहून बसले होते. ते आज खोडलं. ज्याला द्यायचं त्याला ओपाची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवा नेता अंगाला सोन्याची पूड फासून ग्वाताविता सरोवरात तराफ्यावरून जातो आणि सोनं पाण्याला देतो, या विधीच्या वर्णनांतून ‘एल दोरादो’ ही सोन्याच्या राजाची दंतकथा जन्मली. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत सोन्याचा एक तराफा सापडला, जेमतेम २० सेंमीचा, मध्ये उंच माणूस आणि भोवती लहान माणसं. स्पॅनिश लोकांना मात्र त्या पाण्यात वजन दिसलं. १६ व्या शतकात सेपुल्वेदा नावाच्या व्यापाऱ्याने सरोवर रिकामं करायला काठाला खाच पाडली. ती खाच अजून आहे.

म्हणजे भाग तीन. वजन, उजेड आणि न दिसणारं सोनं. विरोधाचा फलक या तिघांच्या मधे फिरता ठेवायचा. धर्मवार आराखडा रद्द.

एक खूण करून ठेवते. बँकॉकच्या वात त्राइमितमधला साडेपाच टनांचा सुवर्णबुद्ध शतकानुशतकं चुन्याच्या लेपाखाली होता, १९५५ मध्ये हलवताना लेप फुटला आणि सोनं दिसलं. तो या भागात येणार नाही. तो लपवलेला होता. लपवलेलं आणि न दाखवलेलं यांच्यात फरक आहे. पहिल्यात चोराची भीती असते, दुसऱ्यात माणसाच्या नजरेचा विचारच नसतो.

८ फेब्रुवारी

नमुना-फलकावर वर्ख चढवला. लाल चिकणमातीचे पाच हात, त्यावर पाणी आणि किंचित मद्यार्क, आणि पान. पान बोटाने धरता येत नाही, चुरगळून नाहीसं होतं. चपट्या कुंचल्याला गालाचा किंचित तेलकटपणा लावायचा आणि पान अलगद उचलायचं. कुठे कोरडं पडलं तर काका खाली वाकून तोंडाची गरम वाफ सोडतात, ओलसर होऊन माती पान धरते. श्वासाने सोनं चिकटवतात हे मी वाचलं होतं, पण पाहिल्यावर खोलीत कोणी बोलेना.

सरावात १४ पानं गेली, फलकाला २४ लागली. उरली १२.

ओप द्यायला मी घाई केली. अकीकाची ओपणी (चकाकी आणायचं दगडी हत्यार) फिरवली तेव्हा खालचा लेप पुरता वाळला नव्हता. उजव्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग खरवडून निघाला, खालची लाल माती दिसतेय. चूक माझी. काकांनी सांगितलेली वेळ मी पाळली नाही. दुरुस्तीला पाच पानं लागतील.

काकांनी पाऱ्याच्या मुलाम्याबद्दलही सांगितलं. सोनं पाऱ्यात कालवून धातूवर फासायचं आणि तापवायचं, पारा उडतो, सोनं राहतं. उडालेला पारा कारागिराच्या फुप्फुसात जातो. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या घुमटांना असा मुलामा दिला, तेव्हा सुमारे ६० कामगार पाऱ्याच्या वाफेने गेल्याचं सांगितलं जातं. हे उजेडाच्या फलकावरच लिहायचं, त्या सुंदर भिंतींच्या शेजारी. वेगळीकडे ढकललं तर उजेड फुकट आला असं वाटेल.

१२ फेब्रुवारी

तिसऱ्या भागात दाखवायचं काय? दिसू नये म्हणून केलेलं सोनं चित्रातून दाखवलं तर भागाचा अर्थच गेला. मैत्रिणीने पेटी सुचवली. १२ × १० × ६ सेंमीची साधी लाकडी पेटी, आतून सोन्याने मढवलेली, झाकण कायमचं बंद. शेजारी एकच ओळ : ‘आत सोनं आहे.’ मला ही कल्पना इतकी आवडली की मी लगेच मापं काढली. आतली जागा ५०४ चौरस सेंमी, एका पानाची ६४. पानावर पान थोडं चढवायचं धरलं तर अकरा-बारा पानं हवीत.

आणि उरलीत बारा. फलकाच्या दुरुस्तीला त्यातली पाच. नवी वही आणायला निधी नाही, तो छपाईत संपला.

मैत्रीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “राग नको मानूस. पण आत लावायलाच हवं का? बंदच राहणार आहे ना ती? फलक सगळे बघणार आहेत. तिथला डाग दिसेल.”

मी लगेच उत्तर दिलं नाही. तिचं म्हणणं वेडगळ नव्हतं. बघायला येणाऱ्या मुलांना फलक चांगला दिसावा, हेही खरंच आहे. काकांकडे पाहिलं. ते ओपणी पुसत होते. म्हणाले, “तुम्ही ओळ काय लिहिलीय?”

१५ फेब्रुवारी

ईशोपनिषदातला मंत्र तिसऱ्या भागात घ्यायचा की नाही यावर दोन दिवस गेले. हिरण्मयेन पात्रेण सत्यस्यापिहितं मुखम्. सत्याचं तोंड सोन्याच्या झाकणाने झाकलेलं आहे. हे पूषन्, सूर्यदेवा, ते दूर कर. इथे झाकण सोन्याचं आहे आणि हवं ते त्याच्या पलीकडे. आमच्या पेटीत उलट, झाकण लाकडाचं आणि सोनं आत. एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून दोन्ही गोष्टी एकाच भागात राहू शकतात असं ठरवलं. मंत्र पेटीच्या समोरच्या भिंतीवर, मधे काही नाही. भाष्य लिहिलं होतं, दोन परिच्छेद, ते काढलं.

तुंखोचं छायाचित्रही काढलं. त्या जागी फक्त माप आणि धातू लिहिला आहे, आणि ‘पाण्यासाठी केलेली’.

१९ फेब्रुवारी

पेटी मढवली. आतून ओप देता येत नाही, हात वळत नाही, म्हणून तेलाची खळ लावून तिच्यावर वर्ख. खळ बोटाला जेमतेम चिकटेल इतपत वाळेपर्यंत चार तास थांबलो. या वेळी घड्याळ मी पाहत होते.

तळाला अडीच पानं, झाकणाच्या आतल्या बाजूला अडीच, बाकी भिंतींना. एक पान वाऱ्याच्या झुळकीने दुमडून वाया गेलं. शेवटी मागच्या भिंतीचा डावा वरचा कोपरा राहिला, नखाएवढा. मैत्रिणीने कुंचल्याला आणि कागदांना चिकटलेला चुरा गोळा केला, आणि त्या कोपऱ्यावर तिनेच दाबून बसवला. भिंगातून तपासलं, लाकूड कुठे दिसत नाही.

नमुना-फलकाच्या कोपऱ्यातला डाग तसाच ठेवला आहे. त्याच्या लेबलवर खालचे थर कोणते ते लिहिलं : लाकूड, सरस, खडू, लाल माती, सोनं.

संध्याकाळी ६.४० ला झाकणाला सरस लावून बंद केलं. दाबून ठेवायला वर काकांची ठोकणी ठेवली आहे. उद्या सकाळी काढायची.